गोळा मिळाला की गाडी सुटायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं हे छोटं स्टेशन. सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात या भागात मीटरगेज टाकलं; दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. १९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली.

(दृश्य: मास्तरांची खोली)

या चौथऱ्यावर नील बॉल टोकन यंत्र होतं. तसंच दुसरं पुढच्या स्टेशनात, मधे तारेची जोडणी. मार्ग एकेरी, म्हणून दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. गाडी सोडायची असली की इथले मास्तर घंटी देणार. पुढचे मास्तर मार्ग मोकळा असल्याची खात्री करून आपल्या यंत्राची मूठ फिरवणार, मगच इथली मूठ फिरायची आणि लोखंडी गोळा, म्हणजे गाडीचा परवाना, खाली पडायचा. तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडची यंत्रं कुलूपबंद. दुसरा गोळा निघणं शक्यच नाही.

गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. तो चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला. न थांबणाऱ्या गाडीचा फायरमन हात बाहेर काढून रिंग दंडावर झेलायचा आणि ड्रायव्हर नावं वाचून खात्री करायचा. रिंग निसटली तर गाडी थांबवून खडीत गोळा शोधायचा. सापडलाच नाही तर यंत्र बंद, मग कागदी लाइन क्लिअरवर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याच्या लेखी परवान्यावर गाड्या. एकाच दिशेनं जास्त गाड्या गेल्या की गोळे एका टोकाला साठत. सिग्नलवाल्यांना ते नोंद करून परत आणावे लागत.

ब्रॉडगेज झालं, इथला लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ, पुन्हा टाकला नाही. लूप नाही म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग नाही, क्रॉसिंग नाही म्हणजे मास्तर नाही. गावकरी आता एसटीनं खानापूर गाठतात.

(दृश्य: छप्पर, जवळून)

भिंती जांभ्याच्या, जोडकाम चुन्याचं, अजून भक्कम. धोका वरून आहे. आढ्यावरचं हे एक कौल सरकलंय. तिथून पाणी कौलांखालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे रिपेवर, रिपेवरून वाशात. वासा कुजला की सगळी ओळ खाली येते. आज चार-पाच कौलं आणि दोन रिपा बदलून भागेल. कौलांसाठी लांब जायलाही नको, खानापूर कौलांसाठीच ओळखलं जातं. भिंतीला मात्र सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते आणि जांभा भुसभुशीत होतो. दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, चुन्यानंच भराव्यात.

जागा रेल्वेची, त्यामुळे हुबळी विभागाची लेखी परवानगी आधी लागेल. काम मेअखेर उरकायला हवं. खानापूरचा पाऊस लागला की कौलांवर चढता येत नाही.