पुण्याजवळचा भूमकर चौक, सकाळचे साडेनऊ

ही गाड्यांची रांग बघा, हिंजवडीच्या आयटी पार्ककडे निघालेली, मागं पार वाकडच्या पुलापर्यंत गेलीय. कारच्या काचेतून आत बघा, बहुतेक गाड्यांत एकच माणूस, आणि मधल्या फटीतून टू-व्हीलरवाले, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. स्कार्फनं मोठी धूळ अडते हो, पण पीएम 2.5 म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, ते बरेचसे कापडातून आत जातात.

आता या चाकाकडे बघा. फर्स्ट गिअर, दहा फूट पुढं, ब्रेक. परत फर्स्ट गिअर, परत ब्रेक. गाडी जागेवर उभी असली तरी पेट्रोल जळतंच, अंतर मात्र काही कापलं जात नाही, आणि दर वेळी उचलताना धूर जास्त निघतो. बरं, नुसता धूर नाही. ब्रेकचे लायनर झिजतात, टायर घासतात, कडेला साचलेली माती चाकाखाली बारीक होऊन परत उडते, म्हणजे सगळ्यांनी ईव्ही घेतल्या तरी ही धूळ राहणारच. त्यात थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, झाकण ठेवल्यासारखं होतं, सकाळच्या गर्दीत जे निघतं ते आपल्या नाकासमोरच राहतं.

दमा, हृदयविकार, लहान मुलांची फुप्फुसं, सगळ्यावर याचा परिणाम होतो.

आणि हे तेच पुणे, जिथं 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. बीआरटी म्हणजे बससाठी वेगळी लेन. बस अडकली नाही तर वेळेवर येईल, वेळेवर आली तर लोक गाडी घरी ठेवतील, इतका साधा हिशोब, आणि तो आजही बरोबर आहे. पुढच्या वर्षी पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा मिळून पीएमपीएमएल झाली. पण लेनमध्ये बाइक घुसत राहिल्या, आणि रस्ते रुंद झाले ते गाड्यांसाठी, उड्डाणपूल झाले तेही गाड्यांसाठीच. 2022 मध्ये मेट्रो आली, चांगलीच गोष्ट आहे, पण स्टेशनवरून घरापर्यंत जायला परत बसच लागते ना.

ही बघा बस. आत उभं राहायला जागा नाही इतकी माणसं, आणि ती कुणाच्या मागं अडकलीय, तर एकेकट्या माणसाच्या कारच्या मागं. हिला वेगळी लेन द्या, आणि सुरुवात याच हिंजवडीच्या रस्त्यापासून करा, एवढंच मागतोय आम्ही.