चाळकेवाडीच्या दगडाखाली

(दृश्य: पठार, पवनचक्क्या. टॉर्चच्या उजेडात उचललेला दगड.)

साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार लागतं. इथल्या दगडाखाली एक छोटी पाल राहते. भिंतीवर चढणाऱ्या पालीची भावकी, पण वावर जमिनीवर. २००८ मध्ये वरद गिरी आणि ॲरन बाउअर यांनी तिचं नाव ठेवलं: हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस.

पाल नव्या जातीची वाटणं सोपं. आधी नाव मिळालेल्या प्रत्येक जवळच्या पालीशी ताडून ‘ही त्यातली नाही’ हे दाखवायचं, खरा घाम तिथे निघतो.

वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना उचलायचाच नाही. हाती आला की आधी जिवंतपणी फोटो, कारण स्पिरिटमध्ये रंग उडतात. मग डीएनएसाठी यकृताचा किंवा स्नायूचा तांदळाएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. हे फॉर्मालीनच्या, म्हणजे शरीर टिकवणाऱ्या रसायनाच्या, आधी! फॉर्मालीन लागलं की डीएनए तुटतो, आणि ही चूक मागाहून निस्तरता येत नाही. त्यानंतर शरीर १० टक्के फॉर्मालीनमध्ये घट्ट करून, पाण्यात धुऊन, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचं. पोटात फॉर्मालीन टोचायचं राहिलं, तर नमुना आतून कुजतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक, व्हर्नियर.)

लांबी तुंडापासून (नाकाच्या टोकापासून) अवस्करापर्यंत (शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलमूत्राच्या छिद्रापर्यंत) मोजतात. शेपटीचा भरवसा नाही, ती तुटते. पुन्हा उगवलेल्या शेपटीचे खवले मूळच्यासारखे नसतात. तेच मोजून ‘वेगळी जात’ ठरवली, तर फजिती ठरलेली. बोटांखालच्या पट्ट्या मोजायच्या, नराच्या मांडीवरची छिद्रं मोजायची. एकाच पालीवर थांबून चालत नाही. नर, मादी, लहान-मोठ्या अशा अनेक बघितल्या, तरच जातीतला फरक आणि वयातला फरक वेगळे काढता येतात.

(दृश्य: दगडावर गळ्याचा पंखा उघडणारा नर.)

याच पठारावरचा हा सरडा. निळा, काळा, नारिंगी पंखा फक्त नराचा, आणि तोही विणीच्या काळात. पावसाळा सरल्यावर आलात तर ओळखीची मुख्य खूणच गायब! मागच्या पायाला चार बोटं, म्हणून असे सगळे सरडे पूर्वी ‘सिटाना’ वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, टाकले जात. पण चार बोटं सिटानालाही आहेत आणि या सरड्यालाही, मग ती वेगळेपणाची खूण कशी होणार? हाडं, पंखा आणि डीएनए एकत्र तपासून २०१६ मध्ये नवा वंश झाला. नाव सरळ आपल्या मराठीतलं: सारडा. चाळकेवाडीचा तो सारडा सुपर्बा.

बेडकांची जात ओळखताना आवाज महत्त्वाचा. रेकॉर्डिंगसोबत हवेचं तापमान लिहायलाच हवं, कारण थंडीत हाकांचा वेग मंदावतो.

शेवटी एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना, म्हणून संग्रहालयात जमा होतो. निबंध फक्त ऑनलाइन असेल, तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदही लागते.

(दृश्य: कोयनेचं जंगल, भेक म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक.)

नाव दिलं तरी ते कायमचं नसतं. कोयनेच्या भेकाला सोमण यांनी १९६३ मध्ये ‘बुफो’ वंशात घातलं. २००९ मध्ये तो ‘झँथोफ्रायने’ वंशात गेला. म्हणून आज लेबलवर सोमण, १९६३ हे कंसात लिहितात: वंश बदलल्याची ती खूण.