हिंदनगरचा चहा

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरात कुणी आजोबा, पणजोबा ‘मी कोरियाला होतो’ असं सांगायचे का? मग हिंदनगर हे नावही तुमच्या कानावर आलं असेल. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं आणि दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात आपल्या जवानांनी तंबू ठोकले. ती छावणी म्हणजे हिंदनगर.

काम होतं कैदी सांभाळायचं. मायदेशी परतायला नकार देणारे सुमारे २२,६०० चिनी आणि कोरियन कैदी, आणि राखणीला आपले सहा हजारांच्या आसपास जवान. बावीस हजारांवर सहा हजार, हे प्रमाण ध्यानात असू द्या. त्यात दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बजावलेलं, भारतीय फौजेने आमच्या भूमीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून इंचॉनसमोरच्या समुद्रातून, जहाजाच्या डेकवरूनच, अमेरिकन हेलिकॉप्टरांनी आपली माणसं उचलून त्या पट्ट्यात नेली. एका खेपेला मूठभर जवान. किती खेपा झाल्या असतील, विचार करा!

या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडच्या वडगावचे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. एका चिनी कैद्याने मायदेशी जायचं म्हणून तारेचं कुंपण ओलांडलं आणि आपल्या जवानांकडे आला. त्याच्या आवारातले बाकीचे खवळले. आमचा माणूस आम्हाला परत द्या! या गोंधळात त्यांनी मेजर ग्रेवाल यांनाच आत ओढून ओलीस धरलं.

गोळीबार करावा, तर पहिला जीव ग्रेवाल यांचा जाणार. शिवाय शेजारची आवारंही पेटणार, आणि हजारो माणसं तारेवर चालून आली तर सहा हजारांनी ती रोखायची कशी? पळून आलेल्या कैद्याला परत द्यावं, तर त्याचा जीव धोक्यात. थोरात शस्त्र न घेता आत शिरले. भोवती संतापलेला जमाव. आणि या माणसाने विषय काढला पाहुणचाराचा! तुमच्याकडे आलेल्या पाहुण्याला साधा चहासुद्धा विचारत नाहीत का, असा त्यांचा सूर. जमाव वरमला. सिगारेट आली, चहा आला, बोलणी सुरू झाली. ग्रेवाल सुखरूप बाहेर आले.

शाळेच्या पुस्तकात हे का नाही, हे मला कधीच कळलेलं नाही. १९४७ झालं की एकदम १९६२. मधली माणसं कुठे गेली?

दर वेळी चहाने भागलं नाही, हेही सांगायला हवं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळी चालवावी लागली, कैदी दगावले. मायदेशी परत या, अशी कैद्यांची समजूत त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी घालायची, त्याला ९० दिवस ठरले होते. पण कैदी तंबूबाहेर यायलाच तयार नसत, बळजबरी करायची नाही असा आपला पवित्रा, त्यामुळे प्रत्यक्ष काम झालं जेमतेम १० दिवस. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी, ज्या बाजूने आपल्या ताब्यात दिले होते, तिलाच परत सोपवले. ८८ जणांना दोन्ही बाजूंना जायचं नव्हतं, ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले.

आता आजोबांची ट्रंक उघडा. विदेश सेवा मेडल असेल तर रिबनवरची पट्टी बघा, ‘कोरिया’ लिहिलंय का. मग मेडलची कड उजेडात धरून सावकाश फिरवा. कडेवर, पुन्हा सांगतो, पाठीवर नाही, कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ब्रासो पॉलिश मात्र लावू नका, घासून अक्षरं झिजतात. नंबर आधी वहीत उतरवून घ्या.