तीस इंचांची बेस आणि काळी एकचा षड्ज

(नाशिकला गंगापूर रोडवर झालेल्या एका छोट्या कार्यक्रमातलं बोलणं, थोडं साफसूफ करून)

नमस्कार मंडळी. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकत मोठं झालेलं आपलं गाव, त्यामुळे विषय कुठलाही द्या, नाशिककर तासभर बसतो हे मला माहितीये, पण शॉर्ट स्केल बेस गिटारवर एवढे लोक येतील असं आयोजकांनाही वाटलं नव्हतं, मगाशी वरच्या मजल्यावरून खुर्च्या आणाव्या लागल्या. काही जण फक्त चहासाठी आलेत. चालेल, बसा.

पहिल्यांदा भांडणाचा मुद्दा सांगतो. 'शॉर्ट स्केल म्हणजे पोरांची बेस, हात बसला की मोठी घ्या' हे वाक्य दुकानदारापासून कॉलेजच्या बँडपर्यंत सगळे ऐकवतात. मला ते अजिबात मान्य नाही. आपल्याकडे गाणारे ज्या पट्टीत गातात आणि आपण जेवढ्याशा खोल्यांमध्ये बसून वाजवतो, ते बघता ही तीस इंची बेस आपल्याला जास्त सोयीची आहे, आणि तिचा आवाज हा मोठ्या बेसचा कमी प्रतीचा आवाज नाहीये, तो वेगळाच आवाज आहे.

आता स्केल म्हणजे काय, तर वरच्या नटपासून, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीपासून, खालच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या घोडीपर्यंत, तार जेवढी मोकळी थरथरते ती लांबी. नेहमीच्या बेसला ही ३४ इंच असते, म्हणजे ८६४ मिलिमीटर. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली तिची लांबी ही, आणि पुढे बऱ्याच जणांनी तीच धरली. शॉर्ट स्केल म्हणजे ३० इंच, ७६२ मिलिमीटर, गिब्सन या दुसऱ्या कंपनीची साडेतीस. मधे ३२ इंची पण मिळते, तिला मीडियम म्हणतात. आणि उभा डबल बेस? त्याची तार चाळीस इंचांच्या पुढे जाते. म्हणजे डबल बेसवाल्याच्या नजरेतून तुमची प्रिसिजनही आखूडच की.

इतिहासातही ही फार मागाहून आलेली लहान बहीण वगैरे नाहीये. गिब्सनने पहिली इलेक्ट्रिक बेस १९५३ ला काढली ती साडेतीस इंचीच होती, व्हायोलिनच्या आकाराची. जर्मनीत हॉफनरची ५००/१ आली १९५६ ला, तीही व्हायोलिनसारखी, आतून पोकळ, तीस इंची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने ती हॅम्बर्गला १९६१ मध्ये साधारण तीस पौंडांना घेतली. तो डावखुरा, आणि व्हायोलिनचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही, हे त्याला आवडलं होतं. तीच बेस १९७२ मध्ये लंडनला गाडीतून चोरीला गेली आणि २०२४ मध्ये तिची ओळख पटवून त्याच्याकडे परत आल्याचं जाहीर झालं, पन्नास वर्षांनी! आपल्याकडे सायकल गेली तर दुसऱ्या दिवशी लोक नवीन बघायला लागतात.

मग हा 'पोरांची बेस' शिक्का कुठून आला? माझ्या मते बराचसा फेंडरच्या मस्टँगमुळे. १९६६ ला ती आली, शिकणाऱ्या मुलांसाठी म्हणूनच विकली गेली. तोपर्यंत कंपनी सीबीएसने घेतलेली होती, १९६५ मध्ये. हसू नका, आपलं मेळा स्टँडशेजारचं सीबीएस बसस्टँड नाही, अमेरिकेतली टीव्ही-रेडिओची कंपनी. तर जाहिरात विद्यार्थ्यांची, म्हणून वाद्यही विद्यार्थ्यांचं, असं लोकांनी धरून टाकलं. पण त्याच दशकात क्रीम बँडमधला जॅक ब्रूस गिब्सनची ईबी-३ घेऊन काय काय वाजवत होता ते ऐका. आणि स्टॅन्ली क्लार्क घ्या, जो डबल बेस वाजवतो, म्हणजे हाताचा प्रश्नच येत नाही, तो इलेक्ट्रिक घेतो तेव्हा अलेम्बिक कंपनीची शॉर्ट स्केल घेतो. त्याला कोणी जाऊन सांगावं की बाबा, हात बसला की मोठी घे.

आता थोडं गणित, पण थोडंच. तार तीच, सूर तोच, फक्त लांबी कमी केली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग करा, ०.७८ येतं. म्हणजे चार इंच कमी झाले, ताण २२ टक्के कमी झाला. खालच्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, तो दोन्हीकडे सारखाच, पण इथे ती तार सैल असते, बोटाखाली लोण्यासारखी दबते. तोच मोठ्या बेसचा ताण हवा असेल तर ०.१०५ इंच जाडीच्या तारेच्या जागी ०.११९ च्या आसपासची तार लावावी लागेल, तसं सहसा कोणी करत नाही, आणि करूही नये, कारण मजा त्या सैलपणातच आहे. सैल तार ओढली की सूर सहज वर जातो, मींडेसारखं काहीतरी करता येतं. आणि तारेची लांबी कमी, जाडी तीच, त्यामुळे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे बारीक सूर, लवकर विझतात, आणि उरतो तो गोल, जाडसर 'धुम्'. फ्लॅटवाउंड तारा लावल्या, म्हणजे ज्यांच्यावर गोल तारेऐवजी चपटी फीत गुंडाळलेली असते त्या, तर हा आवाज थेट डग्ग्याच्या कुळातला होतो. ज्या गावाच्या ढोलाचं नाव महाराष्ट्रभर मिरवणुकांत घेतलं जातं, तिथे खालच्या आवाजाचं महत्त्व मी काय सांगू.

आता माझा मुख्य मुद्दा, जो मला कुठल्याही परदेशी व्हिडिओत सापडला नाही कारण त्यांना तो प्रॉब्लेमच नाहीये.

तिकडची बरीच रॉक गाणी ई आणि ए मध्ये. बेसच्या मोकळ्या तारा कुठल्या? ई, ए, डी, जी. म्हणजे षड्ज फुकट मिळतो, बोट ठेवायचंच नाही, डावा हात निवांत. आपल्याकडे गायक येतो, पेटीवाला विचारतो 'पट्टी?' आणि उत्तर येतं काळी एक. बाई असतील तर काळी चार, काळी पाच. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. यातला एकही षड्ज मोकळ्या तारेवर नाही! काळी एकला सा मिळतो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), खालचा पंचम ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, बरोबर त्याच्या वर. शुद्ध स्वरांचं पूर्ण सप्तक तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटमध्ये बसतं: सा आणि रे ए तारेवर, ग म प डी तारेवर, ध नि आणि वरचा सा जी तारेवर. चार बोटं, चार फ्रेट, हात हलवायचा नाही. फार सुंदर रचना आहे, पण मोकळी तार एकही नाही, म्हणजे तीन तास भावगीतांचा कार्यक्रम असेल तर तीन तास डावा हात फाकलेला.

आणि हे अंतर मोजा. तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटपर्यंत ३४ इंचीवर साडेअकरा सेंटिमीटर, ३० इंचीवर दहाच्या थोडं वर. दीड सेंटिमीटरही फरक नाही, कागदावर काहीच वाटत नाही. पण करंगळीला विचारा. मध्यंतरापर्यंत ठीक असतं, नंतर जेव्हा गायकाला रंग चढतो आणि तो शेवटची ओळ आठव्यांदा घेतो ना, तेव्हा करंगळी सहाव्या फ्रेटला कशीबशी पोचते आणि पंचम थोडा बसका लागतो, आणि पेटीवाला तुमच्याकडे बघतो. शॉर्ट स्केलवर तो बघत नाही. एवढंच म्हणणं आहे माझं.

एक सावधगिरी मात्र आहे. तबला असेल तिथे डग्गा आणि ही बेस एकाच जागेत घुसतात. तबलजी मनगट दाबून डग्ग्याचा घुमारा वर नेतो तेव्हा तुम्ही तिथेच 'धुम्' केलंत तर दोघांचाही चिखल होतो. मग एकतर कमी वाजवायचं, समेला आणि ओळीच्या शेवटाला, किंवा उजवा हात ब्रिजकडे सरकवायचा म्हणजे आवाज जरा टोकदार होतो. कमी वाजवणं अवघड जातं हे मान्य. पण खरं सांगू का, भावगीतात कोणी बेसवाल्याला 'अजून वाजवा' म्हटल्याचं ऐकलंय का तुम्ही?

बरं, आता घरात ही बाळगायची कशी. माझ्याकडे दोन आहेत, एक मस्टँगच्या जातीची सेकंडहँड आणि एक पोकळ व्हायोलिनवाली. बायकोच्या मते एकच आहे, कारण एका वेळी एकच बाहेर असते.

सगळ्यात मोठी कटकट तारांची. इथल्या दुकानात शॉर्ट स्केल सेट मागितला की ते शांतपणे नेहमीचा सेट पुढे करतात आणि म्हणतात, 'कापून घ्या ना, लांबच आहे.' थांबा! लांब स्केलच्या तारेचा जाड भाग लांब असतो, तो खुंटीवर गुंडाळला गेला की वळत नाही नीट, सूर टिकत नाही, कधी कधी वरची गुंडाळीच सुटते. म्हणून सेटवर शॉर्ट स्केल लिहिलेलं बघून घ्यायचं, आणि त्याआधी घरी टेप घेऊन तारेची गोळी जिथे अडकते तिथपासून नटपर्यंत मोजायचं, कारण काही बेसमध्ये तार ब्रिजवरून जाते आणि काहींमध्ये बॉडीच्या मागून आत येते, तिथे दीड-दोन इंच जास्त लागतात. आणि तार कापताना आधी काटकोनात वाकवायची, मग वाकवल्यापुढे कापायची, म्हणजे आतला गाभा आणि वरची गुंडाळी एकमेकांना धरून राहतात. फ्लॅटवाउंड महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात, जुन्या होतात तशा अजून गोड होतात, त्यामुळे हिशेब शेवटी तिथेच येतो.

मग सेटअप. सैल तार जास्त हलते, म्हणजे फ्रेटवर आपटून खडखडते. लोक लगेच म्हणतात बेसच खराब आहे. तार किंचित उचला, पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज उचलणारा चुंबक, किंचित खाली करा, आणि मुख्य म्हणजे हळू वाजवा. मोठ्या बेसवर जोर करायची सवय असलेला माणूस हिच्यावर आला की पहिली दहा मिनिटं नुसता खडखडाट. जोर ॲम्पला करू द्या, आपण नुसतं तारेला हलवायचं.

आपल्या हवेचंही बघावं लागतं. एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओल यात नेकचं, म्हणजे दांड्याचं, लाकूड हलतं. पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला जोडतो तिथला फ्रेट, दोन्हीकडे तार दाबून धरा आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. कार्ड जेमतेम जात असेल तर हात लावू नका. खूपच मोकळं जात असेल किंवा जातच नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला धातूचा गज, पाव फेरा फिरवा, एका वेळी पावच, आणि एक दिवस थांबायचं. पावसात बेस भिंतीला टांगून ठेवू नका, बाहेरची भिंत असेल तर नक्कीच नको.

तोटे पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल विकायला आलाय. ईबी टाइपच्या हलक्या बॉडीला नेक जड होतो, हात सोडला की नेक खाली झुकतो, त्याला रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लागतो. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा लावाल तर सगळा कार्यक्रम डाव्या हाताने नेक उचलून धरण्यात जाईल. खालची ई तार काही स्वस्त बेसवर खरोखर ढिसाळ वाजते, सूर ऐकू यायच्या ऐवजी नुसता हुंकार येतो. आणि तुम्हाला मेटल वाजवायचंय, तार अजून खाली उतरवून, तर मग सरळ ३४ किंवा ३५ इंची घ्या, इथे वेळ घालवू नका.

पण फायदा एक असा आहे जो कुठल्या तक्त्यात येत नाही. ही सोफ्यावर बसून वाजवता येते. लहान फ्लॅट, शेजारी टीपॉय, समोर टीव्ही, मोठी बेस घेतली की नेकचं टोक पडद्यात अडकतं. हिचं नाही. ॲक्टिव्हावर पाठीला लावून कॉलेज रोडच्या सिग्नलला उभे राहिलात तरी मागच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यात जात नाही. पंचवटी एक्स्प्रेसला मुंबईला न्यायची असेल तर वरच्या रॅकवर टेकते, लोक कुरकुरतात पण बसू देतात.

आता प्रश्न घेऊ. हां, काकू, बोला.

काकूंची मुलगी सहावीत आहे आणि तिला बेस शिकायचीये, तर तिला हीच द्यावी का की अजून लहान मिळते. मिळते काकू, आयबानेझची मिक्रो म्हणून येते, २८.६ इंची. पण स्केलचा आकडा बघून ऑनलाइन मागवू नका, तिला घेऊन जा. स्टुलावर बसवा, पट्टा लावा, पहिल्या फ्रेटपासून चार बोटं चार फ्रेटवर ठेवायला सांगा आणि तिचा खांदा बघा. खांदा वर चढत असेल तर बेस मोठी आहे किंवा जड आहे. नेकची जाडीही बघा, लांबी कमी असून नेक काठीसारखा जाड असेल तर उपयोग नाही. आणि दुकानदार वाजवून दाखवायला लागला तर त्याला म्हणा, दादा, तुम्ही नको, तिला वाजवू द्या. आणि पुढे ती मोठी झाल्यावर बदलावी लागेल का, तर तिने मागितली तर बदला. तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून नको.

मागे कोण? ही विकायची आहे का? नाही हो. पण हातात घेऊन बघा ना, लावलेली आहे, चौथ्या फ्रेटवर काळी एकचा सा सापडतो का बघा. ॲम्प फक्त दोनच्या वर नेऊ नका, वर कथकचा क्लास चालू आहे.