ज्येष्ठांच्या हृदयाच्या गोळ्या: एकत्र आल्यावर धोका कुठे तयार होतो?

नमस्कार. घरात सत्तरीच्या आसपासचे, बीपीच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या चालू असलेले कोणी असेल, तर त्यांची औषधांची पिशवी समोर घेऊनच हा व्हिडिओ पाहा. आपल्या मराठवाड्यात ही पिशवी सहसा एका ठिकाणाहून भरत नाही. अँजिओप्लास्टी लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला झालेली असते, शुगरच्या गोळ्या तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि गुडघे दुखू लागले की गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवायच वेदनाशामक गोळ्यांची एखादी पट्टी येते. यांतली प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्य असू शकते. मात्र सगळ्या गोळ्या एकत्र पाहणारे बहुतेक वेळा कोणीच नसते.

आज मुख्यतः एका त्रिकुटाबद्दल बोलायचे आहे. पहिली टेल्मीसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारखी बीपीची गोळी. दुसरी लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड. आणि तिसरी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही वेदनाशामक. लघवीची गोळी शरीरातले पाणी कमी करते, वेदनाशामक मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी सूक्ष्म रक्तवाहिनी आकसवते, तर बीपीची गोळी तेथून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. पाटाचे वरचे दार अर्धे लावून खालचे सताड उघडावे, तसा गाळणीवरचा दाब उतरतो आणि मूत्रपिंड अचानक मंदावू शकते. त्यात मे महिन्यातले चाळिशीपार ऊन, जुलाब किंवा उलट्या यांची भर पडली, की शरीरातले पाणी आणखी घटते. आषाढी वारीत पैठणहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या ज्येष्ठांनीही पाय दुखले म्हणून गोळी घेण्यापूर्वी याचा विचार करावा.

आता एक पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. तेथे ‘टेल्मीसार्टन ४० मि.ग्रॅ., हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मि.ग्रॅ.’ असे छापलेले असेल, तर या त्रिकुटातले दोघे एकाच गोळीत बसलेले आहेत आणि घरच्यांच्या लेखी ती ‘बीपीची एकच गोळी’ असते. अंगदुखीच्या पट्टीचेही तसेच आहे: पॅरासिटामॉल म्हणून आणलेल्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक मिसळलेले असू शकते. नुसते पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेणे अशा रुग्णांना सहसा अधिक सुरक्षित ठरते, पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

दुसरा धोका रक्तातले पोटॅशियम फार वाढून हृदयाचे ठोके बिघडण्याचा. हार्ट फेल्युअरच्या गंभीर रुग्णांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनमुळे, म्हणजे पोटॅशियम शरीरातच राखणाऱ्या लघवीच्या गोळीमुळे, मृत्यू कमी होतात, हे १९९९ साली ‘रेल्स’ या रुग्णांवरच्या औषध-चाचणीने दाखवले. त्यानंतर या गोळीचा वापर झपाट्याने वाढला आणि २००४ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या अभ्यासात, रामिप्रिलसारख्या गोळ्या आधीच घेणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. औषध चांगलेच होते; रक्ततपासणीची शिस्त मागे पडली, असे माझे मत आहे. बीपीसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, तेव्हा त्याचाही उल्लेख डॉक्टरांकडे करावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत वेदनाशामक घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळे, डांबरासारखे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेटोप्रोलॉलसोबत डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल, तर या गोळ्या हृदयाचे ठोके कमी करणाऱ्याच असल्याने नाडी फार मंदावून चक्कर येऊ शकते.

हे ऐकून कोणतीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि मेटोप्रोलॉल एकदम थांबवले तर छातीतले दुखणे उसळू शकते. पुढच्या भेटीला संपूर्ण पिशवी, मेडिकलवरच्या पट्ट्या आणि आयुर्वेदिक चूर्णांसह, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि यांतले काय कमी करता येईल, हे स्पष्ट विचारा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला घटक) व पोटॅशियम शेवटचे कधी तपासले, हेही विचारा. कृश वृद्धांच्या अंगात स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिनचा आकडा नॉर्मल दिसूनही मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आलेले असू शकते, म्हणून अहवालात त्याशेजारी छापलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाजित आकडा, हाही डॉक्टरांना दाखवा.