घरी पोचले

नमस्कार मंडळी. काकू, तुम्ही गावाकडून ऐकताय, तुम्हालाही नमस्कार.

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत होते. त्यांच्या मुलाने बातमी सांगितली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ताई, तो मुलगा घरी पोचला का? बाबा रात्रभर तेच विचारत होते." मला उत्तर देता येईना, कारण तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

काकांची वही आज इथे टेबलावर ठेवली आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर 'पांडुरंग हरी' आणि पुढे रेघा मारून केलेले रकाने: नाव, गाव, तालुका, घरचा नंबर, विमान. शेवटचा रकाना, 'घरी पोचले'. इथे दुबईत आपल्यातलं कोणी वारलं आणि त्याला गावी पोचवायची धावपळ करायला कोणी नसलं, की त्याचं नाव या वहीत यायचं. विमान सुटलं म्हणून काका शेवटच्या रकान्यात खूण करत नसत. गावच्या घरून फोन यायचा, दारात गाडी आली असं कोणीतरी सांगायचं, मगच ते पेन उघडायचे.

नव्याने आलेल्या मंडळींना कदाचित कल्पना नसेल. इथे माणूस गेला की रुग्णालयाचे कागद, पोलिसांचं ना हरकत पत्र, मृत्यूचा दाखला. मग आपल्या वकिलातीत जाऊन पासपोर्ट रद्द करणं आणि तिथलं पत्र. व्हिसा कंपनीने रद्द करायचा. मग दुबईतल्याच मुहैस्नाला एम्बामिंग, म्हणजे प्रवासात देह टिकावा म्हणून करतात ती प्रक्रिया, विमानाच्या कार्गोत जागा, आणि तिकडच्या विमानतळावर शववाहिका. एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं. एकदा एका कंपनीच्या ऑफिसात सही मिळेना, तर काका सलग तीन दिवस ड्युटी संपली की तिथे जाऊन बसले. आवाज चढवला नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला रोज फक्त एवढंच सांगायचे, "त्याची आई वाट बघतेय." तिसऱ्या दिवशी सही झाली.

नोकरी त्यांची एसी मेंटेनन्सच्या फोरमनची. उन्हाळ्यात इथल्या गच्च्यांवर काम करणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे. हाताखालची पोरं त्या वेळात सावलीत आडवी व्हायची आणि काका वही मांडीवर घेऊन फोन लावत बसायचे. गणवेशाच्या कॉलरखाली तुळशीची माळ असायची. घामाने तिचे मणी काळे पडले होते.

शुक्रवारबद्दल मला मोकळेपणाने बोलायचंय, कारण काकूंसमोर खोटं बोलून चालणार नाही. 2022 पर्यंत इथली सुट्टी शुक्रवारी असायची. काका सकाळी सोनापूरच्या कामगार वस्तीत, दुपारी कुणाला तरी भेटायला रुग्णालयात. त्यांची मुलगी मला एकदा म्हणाली होती, "शुक्रवारी बाबा आमच्या वाट्याला यायचेच नाहीत." ते खरं होतं. पण तिनेच पुढे हेही सांगितलं, की संध्याकाळी सहाला ते घरात असायचे, नेमाने. पाचही जणांचा हरिपाठ व्हायचा, आजी असेपर्यंत आजी मधल्या जागेवर, आणि मग काका आठवडाभराच्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करत मुलांचे पाढे घ्यायचे. गुणाकार चुकला की इस्त्री उभी करून ठेवायचे आणि चूक सुधारल्याशिवाय पुढचा सदरा हातात घ्यायचे नाहीत. दोन्ही मुलांचं शिक्षण, बहिणींची लग्नं, गावचं घर, सगळं त्या एका पगारावर झालं. त्यात काकूंचा वाटा किती, ते काका आम्हाला वारंवार सांगायचे. काकूंना कधी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते.

आजोबांपासून त्यांच्या घरात वारी. पण आषाढ येतो इथल्या ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हा एसीवाल्याला रजा कोण देणार? नोकरीच्या साऱ्या वर्षांत त्यांना एकदाही आषाढीला पंढरपूरला जाता आलं नाही. मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही का? त्यांनी मला सावता माळ्यांची गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं आरण हे सावतोबांचं गाव. संसारी माणूस, मळा कसायचे, आणि मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं वारकरी मानतात. ठिकठिकाणच्या पालख्या आषाढीला पंढरपुरात येतात, पण सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी आरणला जाते. "1295 साली समाधी घेतली त्यांनी," काका म्हणाले, "आणि देव अजून त्यांच्याकडे जातोय. त्यांच्यामुळे माझी सोय झाली बघ." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. नंतर पुष्कळ दिवस मी या बोलण्याचा विचार करत होते. वारी चुकण्याला सबब म्हणून त्यांनी ही गोष्ट धरून ठेवली नव्हती. आपल्याही मळ्यात तण राहता कामा नये, एवढाच अर्थ त्यांनी घेतला होता.

मग आलं 2020. 7 मेपासून भारतात परतायला विमानं सुरू झाली, पण त्याआधी वकिलातीकडे ऑनलाइन नोंदणी करायची होती, आणि कित्येक कामगारांना तो फॉर्म भरता येत नव्हता. काका घरात बसून फोनवर एकेकाचा पासपोर्ट नंबर उतरवून घ्यायचे आणि मुलगी फॉर्म भरायची. जूनअखेर माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. काकू सांगतात, मोबाइलवर ती बस दिसताच काका उठून उभे राहिले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बसले नाहीत.

वहीत त्या वर्षाच्या तीन नावांपुढे शेवटचा रकाना बराच काळ रिकामा होता. कोविडमुळे त्यांचे अंत्यसंस्कार इथेच करावे लागले होते. 2021 ला काका महिनाभराच्या रजेवर गेले, ते तिघांच्या अस्थी सोबत घेऊन. तीन जिल्ह्यांतली तीन गावं. रजेतले अकरा दिवस त्यात गेले. काकू म्हणाल्या, "मी एकटी घरी बसून काय करू, मीही येते," आणि त्याही गेल्या. त्या तीन खुणा हिरव्या शाईच्या आहेत. बाकी सगळी वही निळी.

निवृत्त होऊन गावी परतताना त्यांनी वही मला दिली आणि पहिली दोन प्रकरणं फोनवरून, बोट धरून चालवावं तशी करून घेतली. पुढच्या आषाढीला काका-काकू आळंदीपासून पायी गेले. तिथूनही फोन होताच, "त्या जळगावच्या माणसाचा दाखला मिळाला का?"

त्या शेवटच्या रात्री ते ज्याच्याबद्दल विचारत होते, तो मुलगा चोवीस वर्षांचा होता. विमानाला उशीर झाला होता आणि पुढचा रस्ता सहा तासांचा. मी मेट्रोतून उतरून फलाटावरच उभी राहिले. पाऊण तासाने त्या मुलाच्या भावाचा फोन आला, गाडी दारात आली म्हणून. वही पिशवीत होती. मी तिथेच खूण केली आणि काकांच्या घरी फोन लावला. मुलाने तो काकूंच्या हातात दिला.

"पोचला," मी म्हटलं.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "सांगते त्यांना."