प्राध्यापिकेची फाइल

(विद्यापीठातील शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ज्यांनी ज्यांनी आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम अंगावर घेतलंय, त्यांना ७.१.१ म्हणजे काय हे सांगायला नको. नॅक या उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या सातव्या निकषातला हा पहिलाच मुद्दा: स्त्री-पुरुष समानतेसाठी संस्थेनं काय काय केलं? मग आपण काय करतो? फोटो लावतो, जिओटॅगसकट. मुलींच्या कॉमन रूमचा, सीसीटीव्हीचा, हिमोग्लोबिन तपासणी शिबिराचा, आणि आठ मार्चच्या कार्यक्रमाचे तर डझनभर. यातलं काहीच वाईट नाही. पण या फोटोंत प्राध्यापिका कुठे असते? बॅनरचं एक टोक धरून उभी असते, नाहीतर माइकसमोर सूत्रसंचालन करत असते. तिची नोकरी कशी चाललीय, ती कुठल्या टप्प्यावर अडकलीय, याचा त्या फायलीत एक कागद नसतो. तो कागद असतो दुसऱ्या फायलीत, कॅसच्या, म्हणजे शिक्षकांना टप्प्याटप्प्यानं बढती देणाऱ्या योजनेच्या. आज मी त्या फायलीबद्दल बोलणार आहे.

आधी मोठे आकडे, थोडक्यात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात जवळपास १६ लाख अध्यापक होते आणि त्यात स्त्रिया ४३.४ टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण ही सगळ्या पदांची मिळून बेरीज आहे. तुम्ही आपल्याच विद्यापीठातल्या विभागप्रमुखांच्या खोल्यांवरच्या पाट्या वाचत एक चक्कर मारा, आणि मग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या हजेरीपटावरची नावं वाचा. हंसा मेहता १९४९ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. स्त्री-पुरुष एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री कुलगुरू. त्यानंतर ७३ वर्षांनी, २०२२ मध्ये, पुण्याच्या विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या, जेएनयूच्या, कुलगुरू झाल्या, तेव्हाही बातमीचा मथळा ‘पहिल्या महिला कुलगुरू’ हाच होता. असे मथळे अजून छापावे लागतात, याचा आनंद मानायचा की काय, मला कळत नाही.

आता फाइल उघडू. एक काल्पनिक मॅडम घ्या. नेट ही पात्रता परीक्षा झालेल्या, काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काढलेल्या, बत्तिसाव्या वर्षी एका अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ लागलेल्या. पीएच.डी. नाही. पहिल्या टप्प्याची स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाणं, सहा वर्षांनी, पीएच.डी. असती तर चार वर्षांनी. पुढचा टप्पा पाच वर्षांनी, त्यापुढचा तीन वर्षांनी, आणि सहयोगी प्राध्यापकपदापासून प्राध्यापकपदापर्यंत आणखी तीन. शिवाय वाटेत ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे प्रशिक्षणवर्ग, आणि शोधनिबंध. पात्रता पूर्ण व्हायला उशीर झाला, तर बढती पूर्ततेच्या तारखेपासून मिळते, आणि पुढचा टप्पा त्या तारखेपासून मोजला जातो. म्हणजे एकदा झालेला उशीर पुढच्या प्रत्येक टप्प्याला पुरतो.

या मॅडमना तेहतिसाव्या वर्षी पहिलं मूल होतं, छत्तिसाव्या वर्षी दुसरं. ओरिएंटेशन त्या काळी चार आठवड्यांचं, दुसऱ्या शहरात राहून करायचं. अंगावर पिणारं बाळ सोडून कोण जाणार? ते दोन वर्षं लांबतं. अडतिसाव्या वर्षी व्हायची ती स्थाननिश्चिती चाळिसाव्या वर्षी होते. मग पंचेचाळीस. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सहयोगी प्राध्यापक व्हायचं, तर तिथे पीएच.डी. सक्तीची. धाकटा शाळेत रमल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी नोंदणी केलेली. ती पदरात पडते एकोणपन्नासाव्या वर्षी. सगळं सुरळीत झालं, दहा शोधनिबंध झाले, तर बावन्नाव्या वर्षी प्राध्यापक. त्यांच्याच दिवशी, त्यांच्याच वयात, पण पीएच.डी. घेऊन रुजू झालेले सर सत्तेचाळिसाव्या वर्षी प्राध्यापक झालेले असतात. मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळेपर्यंत मॅडम पन्नाशीच्या. निवृत्ती साठाव्या वर्षी, आणि शेवटच्या तीन वर्षांत नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. उरली किती वर्षं? सात.

या गोष्टीत खलनायक नाही, हे लक्षात घ्या. प्राचार्यांनी प्रसूती रजा दिली, पूर्ण पगारी, १८० दिवस. सासरच्यांनी नोकरी सोड म्हटलं नाही. कुणीही काहीही वावगं केलं नाही आणि तरी पाच वर्षं गेली. म्हणूनच ‘आमच्याकडे भेदभाव वगैरे नाही हो’ असं कुणी छातीठोकपणे सांगतं, तेव्हा ते खरं बोलत असतात असंच मी धरून चालते.

एका छाननी समितीवर असताना पाहिलेली फाइल सांगते. कॉलेजचं नाव नको. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत मूल्यमापनाचा तक्ता आहे. पहिला रकाना अध्यापनाचा: नेमून दिलेल्यांपैकी ८० टक्के आणि त्याहून जास्त तास घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. त्या मॅडम एका वर्षी सहा महिने प्रसूती रजेवर होत्या. अर्थातच तास निम्मे. आणि त्यापुढे त्यांनी स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, ‘असमाधानकारक’ असं लिहिलेलं होतं. खाली प्राचार्यांची सही, शिक्का.

त्याच तक्त्याच्या खाली एक टीप आहे. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा असा रीतसर मंजूर रजेचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळातलं काम बघायचं आणि तेच प्रमाण पूर्ण काळाला लावायचं. अशा रजेमुळे कुणाचंही बढतीत नुकसान होता कामा नये, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे नियम चांगला आहे. तो मॅडमनी वाचला नव्हता, कार्यालयानं वाचला नव्हता, आयक्यूएसीनं तपासून पुढे पाठवताना वाचला नव्हता. आम्ही शेरा दुरुस्त करून घेतला. पण आमच्यापर्यंत न पोचलेल्या फायली किती असतील? ‘या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी भरू’ म्हणून कपाटातच राहिलेल्या? प्राध्यापक विकासासाठी पाहुणे बोलावून नेतृत्वगुणांवर व्याख्यानं ठेवता ना, त्यातलं एक कमी करा आणि त्या तासात हा तक्ता टिपेसकट सगळ्यांकडून वाचून घ्या. पीएच.डी. करणाऱ्या मुलींनाही सांगा, की २०२२ च्या नियमांत त्यांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे आणि मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे. पुष्कळ जणींना हे गाइडकडून नाही, मैत्रिणीकडून कळतं.

दुसरा रकाना समित्यांचा. इथे मला जरा तिखट बोलावं लागेल. सांस्कृतिक समिती, स्वागत समिती, रांगोळी, दीपप्रज्वलनाची तयारी, ‘मॅडम, तुमचं निवेदन फार छान असतं’. आणि खरेदी समिती, बांधकाम समिती, परीक्षा विभाग, नव्या कॉलेजांना संलग्नता देताना जाणारी चौकशी समिती? तिथे सर. तक्त्यात दोन्हींचं वजन सारखं, पण कुलसचिवांना नावानं ओळखणारा माणूस कुठल्या समितीतून तयार होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे अभ्यास मंडळावर कुणाला घ्यायचं याची चर्चा निघते, तेव्हा तोंडात नाव तेच येतं.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती घ्या. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तिची अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री हवी: विद्यापीठात प्राध्यापक, महाविद्यालयात निदान सहयोगी प्राध्यापक दर्जाची. त्या पदावर बाईच नसेल तर दुसऱ्या कार्यालयातून आणायची. वर पोचलेली एकच बाई असेल तर तीच इथे, तीच चौकशी समितीत, तीच निवड समितीत ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून. तिचं संशोधन मग रात्री अकरानंतर.

आता अमेरिकेतली एक गोष्ट. एमआयटी या तिथल्या तंत्रज्ञान संस्थेत नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञ झेब्राफिशवर काम करत होत्या. माशांच्या टाक्यांसाठी त्यांना थोडी जागा हवी होती, २०० चौरस फूट. मिळेना. तेव्हा त्यांनी काय करावं? मोजपट्टी घेतली आणि इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजून काढल्या. आपली जागा कालपरवा लागलेल्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षाही कमी आहे, हे फुटांत दिसलं. तिथल्या विज्ञान शाखेत तेव्हा कायम झालेल्या स्त्रिया होत्या फक्त १५, पुरुष दोनशेच्या आसपास. त्या एकत्र बसल्या, समिती नेमली गेली, पगार, जागा, निधी, पदं सगळं तपासलं गेलं आणि १९९९ मध्ये अहवाल आला. संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी त्यात जाहीर कबुली दिली, की यात काही वास्तव आणि काही नुसता समज असं आपण मानत आलो, पण वास्तवाचाच वाटा कितीतरी मोठा आहे हे आता कळलं. मला यात मोजपट्टीचं कौतुक जास्त आहे. ‘मला कमी लेखतात’ म्हटलं की समोरचा म्हणतो, तुम्ही फार मनाला लावून घेता. चौरस फुटांना असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये ‘गती’ हा उपक्रम याच धर्तीवर आणला, ब्रिटनमधल्या अथेना स्वान या सनदेवरून बेतलेला. सुरुवातीला ३० संस्था घेतल्या. आपली परीक्षा आपणच घ्यायची, आकड्यांनिशी. आपल्या विद्यापीठाला त्यासाठी दिल्लीच्या पत्राची वाट बघायची गरज नाही. रिफ्रेशरसाठी अर्ज कुणी केला आणि कार्यमुक्त कुणाला केलं? ‘वर्कलोड कोण घेणार, पुढच्या वर्षी जा’ हे कुणाला ऐकावं लागलं? अर्ज केल्यापासून गाइडशिप मिळायला सरांना किती महिने लागले, मॅडमना किती? पाच वर्षांच्या आवक-जावक नोंदवह्या उघडल्या की सगळं सापडतं.

ओरिएंटेशन-रिफ्रेशरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी बायकांची सोय झाली, असं म्हणतात. झाली, नाकारत नाही. कित्येकींची अडलेली स्थाननिश्चिती कोविडच्या काळात मार्गी लागली. पण कॉलेज आता कार्यमुक्तच करत नाही. दुपारी तास घ्या, उरलेल्या वेळात लॅपटॉप उघडा. आणि ‘घरीच तर आहे’ म्हणून घरचेही कार्यमुक्त करत नाहीत. शिवाय वसतिगृहात तीन-चार आठवडे एकत्र काढले की ज्या ओळखी व्हायच्या, त्यातून पुढे बहिःस्थ परीक्षक म्हणून बोलावणं यायचं, जोडीनं निबंध लिहिले जायचे. स्क्रीनवरच्या चौकोनातून ते होत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, आणि राहून करायच्या वर्गाला पाळणाघर जोडा.

पुरुष शिक्षकांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. ती घेऊन कुणी पेपर तपासणी संपवली, हे इथे विचारत नाही. हसू नका, तुमच्यातलेच आहेत.

एक चिठ्ठी आलीय, नाव नाही: ‘हा सगळा हिशेब कायम लोकांचा झाला. सीएचबीवाल्यांचं काय?’ बरोबर आहे. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत शून्य, बाळंतपणात शून्य. ती वर्षं पुढे कायम झाल्यावरही कॅसला साधारणपणे धरली जात नाहीत, कारण पूर्ण वेतनाएवढा पगार ही अट तिथेच आडवी येते. आणि बाईच्या वयाची जी वर्षं बाळंतपणाची, तीच बहुतेकदा सीएचबीची. याचा निकाल पदभरतीत आहे, तो या सभागृहात लागणार नाही. पण विद्यापीठ जेव्हा आकडे गोळा करायला बसेल, तेव्हा या बायकांची नावं यादीत आली पाहिजेत. ती आस्थापना विभागाच्या पगारपत्रकात सापडणार नाहीत. लेखा विभागात मानधनाच्या बिलांची फाइल असते, तिच्यातून काढावी लागतील.